पोरीचा बाप, आहिस्ता

माणिकभाऊ सोनकांबळे दिसायला कसे आहेत हे मला पहिली दोन वर्षं ठाऊक नव्हतं. आवाज मात्र पाठ होता. लातूरला माझ्या घराच्या मागच्या खोलीत मी लग्नांचं मिक्सिंग करते. म्हणजे शूटिंगवाले लोक पाच-सहा तासांचं जे काही धरून आणतात त्यातलं कापायचं, जोडायचं, गाणी लावायची आणि घरच्यांनी सोफ्यावर बसून बघावी अशी फिल्म करून द्यायची. या खोलीत बसून मी मराठवाड्यातली किती लग्नं पाहिली त्याची गणती नाही, पण जेवले त्यातल्या एकाही लग्नात नाही. माणिकभाऊंच्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड उमरीहून एसटीच्या पार्सलनं यायचं, चुन्याच्या रिकाम्या डबीत कापसात गुंडाळलेलं. ते कॉम्प्युटरला लावलं की कुठल्यातरी क्लिपच्या सुरुवातीला, अगदी कानाशी बोलावं तसा एक खर्जातला आवाज यायचा, "ताई, आहिस्ता."

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हा माणूस मला हळू काम कर म्हणून सांगतोय. मी तिथल्या तिथं फोन लावला आणि सुनावलं, की भाऊ, माझ्या कामाची चाल माझी मी ठरवते, तुम्ही कार्ड तेवढं वेळेवर पाठवत जा. पलीकडून हसू ऐकू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. हसून झाल्यावर त्यांनी माझी माफी मागितली, आणि मग मला समजावून सांगितलं की या शब्दाच्या पुढची क्लिप स्लो मोशनची आहे.

आता ही स्लो मोशनची भानगड दोन वाक्यांत सांगून टाकते, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. साधा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस फोटो काढायचे आणि पंचवीसच दाखवायचे. स्लो मोशन म्हणजे काढायचे पन्नास आणि दाखवायचे पंचवीसच्या चालीनं, म्हणजे एका सेकंदाचे दोन सेकंद होतात. मोबाइलवर हे आता कुणीही बोट लावून करतं. माणिकभाऊंकडं होता तो हौशी लोकांसाठीचा डीएसएलआर कॅमेरा, तोही कुणीतरी वापरून विकलेला. त्यात पन्नासवर जायचं तर मेनूत शिरून चार वेळा बटण दाबावं लागायचं, चित्राचा आकार लहान व्हायचा आणि उजेड भरपूर लागायचा. आणि सगळ्यात मोठी अट अशी, की हे अगोदर ठरवावं लागतं. पंचवीसवर धरलेलं नंतर ताणून लांब केलं तर माणसं झटके खात चालतात, कारण मधले फोटो कुणी काढलेलेच नसतात.

तर माणिकभाऊ अगोदर ठरवायचे, चार वेळा बटण दाबायचे आणि मला कळावं म्हणून क्लिपच्या सुरुवातीला तोंडानं बोलून ठेवायचे. स्लो क्लिपचा आवाज नंतर आम्ही काढूनच टाकतो, त्यामुळं त्यात काही बोललं तरी कुणाचं नुकसान नव्हतं. 'आहिस्ता' हा शब्द त्यांनी उचलला होता नांदेडच्या एका फोटो स्टुडिओतल्या उस्तादांकडून. उस्ताद फोटो काढायच्या आधी गिऱ्हाइकाला म्हणायचे 'आहिस्ता', म्हणजे श्वास हळूच सोड आणि हलू नकोस. मी एकदा विचारलं, सरळ स्लो का म्हणत नाही? तर म्हणाले, स्लो म्हटलं की मला पंखा आठवतो.

त्या फोननंतर मला एक खोड लागली. कार्डातून आवाज आला, "ताई, आहिस्ता", की मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं "हाव", म्हणजे हो, म्हणायचे. घरातले लोक मला हसायचे, त्यांना हसू दिलं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत अनोळखी लोकांची लग्नं कापत बसलेल्या बाईला कुणीतरी नाव न घेता ताई म्हणतं आणि कामाचं बोलतं, याचं मला बरं वाटायचं.

एकदा मात्र या आवाजानं घोळ घातला, आणि चूक सगळी माझी होती. देगलूरच्या एका लग्नात नवरी मांडवात येते ती क्लिप मी स्लो केली आणि खालचा आवाज काढायची विसरले. स्लो केलेला आवाज ताणला जातो, जाड होतो. फिल्म घरी गेली, वीस-पंचवीस माणसं बघायला बसली, आणि नवरीनं मांडवात पाऊल टाकताच विहिरीतून यावा तसा आवाज आला, "ताऽऽईऽऽ, आऽऽहिऽऽस्ताऽऽ." नवऱ्या मुलाची आत्या ताडकन उठून उभी राहिली. तिचे वडील चार वर्षांपूर्वी वारले होते, ते तिला ताई म्हणायचे आणि आयुष्यभर सगळ्यांना सावकाश चाला म्हणून सांगायचे. घरात निम्मे लोक मराठी, निम्मे तेलुगू. दोन्ही भाषांत रडारड झाली, टीव्हीला हळदकुंकू लागलं. माणिकभाऊंना कळलं तसे ते माफी मागायला देगलूरला गेले, चूक सांगून दुसरी कॉपी देऊ म्हणाले. आत्याबाईंनी त्यांना चहा पाजला आणि स्पष्ट सांगितलं की आवाज कुणाचा आहे ते आम्हाला कळतं, फिल्मला हात लावायचा नाही. परत येताना एसटीतूनच त्यांनी मला फोन केला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, ताई, मी आजपासून देगलूरचा म्हातारा झालो बघा, आणि पुन्हा ते न थांबणारं हसू.

मी त्यांना पाहिलं ते भोकरच्या लोकांमुळं. एका दुपारी पूर्वसूचना न देता तिघं दारात आले: एक मध्यमवयीन बाई, नुकतं लग्न झालेली तिची मुलगी, आणि त्यांच्या मागं उंच, काटकुळा, पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातला माणूस. चैत्राच्या उन्हातही त्याच्या मनगटाची बटणं लावलेली. खांद्यावर शाळेचं दप्तर, दप्तरात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला कॅमेरा. "जयभीम ताई," त्यांनी म्हटलं आणि मला हसूच आलं, कारण आवाजाच्या मानानं माणूस फारच बारीक निघाला.

हसू लगेच विरलं. त्या मुलीचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते आणि तिचे वडील मोटरसायकलवरून शेतातून घरी येताना ट्रकखाली गेले होते. लग्नात हा गृहस्थ सारखा पळतच होता, कधी आचाऱ्याकडं, कधी पाहुण्यांकडं. सहा तासांच्या शूटिंगमध्ये तो नीट समोरून दिसतो एकदाच, दोन सेकंद. पाण्याची बादली खाली ठेवतो, कॅमेऱ्याकडं बघतो, टोपी नीट करतो आणि चालायला लागतो. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की ते दोन सेकंद जरा सावकाश करून द्या, माणूस थोडा जास्त वेळ दिसू द्या.

मी करून दाखवलं. क्लिप पंचवीसवर धरलेली होती. ताणली तसा तो माणूस झटके खाऊ लागला. हात वर जाताना मधेच अडायचा, पाऊल टाकताना थबकायचा. मुलगी बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अण्णा असे अडखळत नव्हते हो." मग आम्ही ते होतं तसंच राहू दिलं. माणिकभाऊ सगळा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते, मांडीवर दप्तर. त्या मायलेकी बाहेर गेल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या हाताशी व्हता माणूस. चार बटणं दाबायची व्हती फक्त."

त्या दिवसापासून त्यांच्या कार्डांचा नमुनाच बदलला. नवरीचं येणं, हार, अक्षता, हे सगळे शूटिंगवाले स्लो धरतात. माणिकभाऊंनी आधी धरायला सुरुवात केली ती नवरीच्या बापाला. लग्न कुणाचंही असो, पाटलाचं, मजुराचं, मास्तराचं, कार्डावर कुठंतरी ही क्लिप असायचीच, आणि तिच्या सुरुवातीला ठरलेले शब्द: "ताई, पोरीचा बाप, आहिस्ता." मग तो बाप दिसायचा. घाम पुसणारा, कुणाला तरी हातानं बोलावणारा, पोरीकडं चोरून बघणारा. पंधरा-वीस सेकंद, आणि शेवटी धरून ठेवलेला श्वास माणिकभाऊ सोडायचे तो आवाज. गिऱ्हाइकं कधीकधी तक्रार करायची, की नवरदेवाच्या मित्रांचा नाच तोडलाय आणि हा म्हातारा एवढा वेळ कामून दाखवलाय? मी सांगायचे, दहा वर्षांनी या, तेव्हा विचारा.

त्यांच्या आणखीही खोडी होत्या. जेवणाच्या पंगतीचं शूटिंग ते करायचे नाहीत. वाढणाऱ्यांचे हात धरायचे, द्रोण-पत्रावळी धरायचे, पण घास घेणारा माणूस धरायचे नाहीत. तोंडात घास असला की माणूस गरीब दिसतो, असं त्यांचं मत होतं. कुणालाही हसा म्हणायचे नाहीत. मांडवात खेकड्यासारखे आडवे चालायचे, म्हणजे कुणाच्या आणि स्टेजच्या मधे येणार नाहीत. आणि एवढ्या वर्षांत एकाही कार्डावर ते स्वतः दिसले नाहीत, आरशातसुद्धा नाही. आरसा आला की कॅमेरा बाजूला.

आमचं भांडण झालं ते एकदाच. मधे माझ्याकडं नवं सॉफ्टवेअर आलं. ते अलीकडचा आणि पलीकडचा फोटो बघून मधला फोटो आपला आपणच तयार करतं. मला कोण आनंद झाला. मी जुन्या डिस्कवरून भोकरची ती क्लिप काढली, त्यातून घातली, आणि काय सांगू, तो गृहस्थ लोण्यावरून चालावा तसा चालू लागला. माणिकभाऊ कुठल्याशा कामानं लातूरला आले होते, त्यांना मी मोठ्या तोऱ्यात दाखवलं. त्यांनी तीनदा बघितलं. मग विचारलं, "ह्ये मधले फोटो कुणी काढले?" मी म्हटलं, मशीननं. "मशीन व्हतं का तिथं?"

मी चिडले. म्हटलं, त्या पोरीला बरं वाटलं असतं की नाही? ते म्हणाले, तिच्या बापाचं तोंड मशीननं मनानं काढलंय, तिला ते बाप म्हणून कसं द्यायचं? मी म्हटलं, तुमचा हट्ट आहे. ते म्हणाले, हाव, हाय. आणि चहा न पिता गेले. महिनाभर त्यांची कार्डं आली त्यावर नुसतं 'आहिस्ता' होतं, 'ताई' नव्हतं. मीही हाव म्हणत नव्हते. मग एका कार्डावर न राहवून आवाज आला, "ताई, राग गेला आसंल तर आहिस्ता." मी खोलीत एकटीच हसले. भोकरची ती क्लिप मात्र पुसली नाही, आणि दिलीही नाही.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी मला काहीतरी खटकायला लागलं. त्यांच्या कार्डावर स्लो क्लिपा फारच वाढल्या. आधी लग्नात दहा-बारा असायच्या, आता निम्मं कार्ड स्लो. सप्तपदीही आहिस्ता, पाहुण्यांचं येणंही आहिस्ता, मांडवातली झालरसुद्धा आहिस्ता. मी चेष्टा केली, की भाऊ, आता पंगतच तेवढी राहिली. ते हसले नाहीत. नंतर एकदा मी एक साधी, पंचवीसची क्लिप मोठी करून नीट बघितली. चित्राच्या कडा थरथरत होत्या. आडवे चालण्याचा हा धक्का नव्हता. बारीक, न थांबणारी थरथर होती. स्लो केलं की थरथर निवते, झुलल्यासारखी वाटते. माणिकभाऊ तिला तिथं लपवत होते.

मी फोन केला आणि सरळ विचारलं. "हात नाचायलाय, ताई," ते म्हणाले. उजवा. सहा महिने झाले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे कमी होणारं नाही, वाढणारं आहे, हेही सांगितलं होतं. कुणाला सांगू नका म्हणाले, लग्नांच्या सुपाऱ्या बंद होतील म्हणून नव्हे. त्यांची एकुलती एक मुलगी करुणा नांदेडला नर्स होती, तिचं लग्न ठरत आलं होतं. "तेवढं एक लगीन माझ्या हातानं धरू द्या. मग कॅमेरा ठिवून देतो." बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं. तिच्या अंगावर पाकळ्या पडताना तिला स्वतःच्या हातानं आहिस्ता धरायचं, एवढंच त्यांच्या मनानं घेतलं होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी करुणाचा मला फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण बाप ताई म्हणतो म्हणून ती पहिल्या वाक्यापासून मला आत्या म्हणत होती. आईचं आणि बाबांचं भांडण चालू आहे, ती म्हणाली. आई म्हणते बापानं बापासारखं पोरीजवळ उभं राहावं, बाबा म्हणतात मी कॅमेऱ्यामागंच उभा राहणार. तिचं स्वतःचं म्हणणं निराळं होतं. "आत्या, बाबांना धरू दे जे धरायचं ते. पण आमच्या घरात बाबांचा एकबी व्हिडिओ नाही. सगळ्यांच्या पोरींचे बाप त्यांनी धरले. माझा बाप तुम्ही धराल का?"

मी आयुष्यात कॅमेरा हातात धरून एक मिनिट शूटिंग केलेलं नव्हतं. मी हो म्हटलं.

लग्न उमरीजवळच्या त्यांच्या गावात होतं, भर दुपारी, समाजमंदिरासमोरच्या मांडवात. मांडवाचं वरचं कापड पांढरं, त्यामुळं उजेड भरपूर. मी पोचले तेव्हा माणिकभाऊ खुर्चीवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होते, सदऱ्याची बटणं नेहमीसारखी मनगटापर्यंत. कॅमेरे दोन होते. एक त्यांचा जुना, दुसरा त्याच जातीचा, मित्राकडून आणलेला, जरा नवा. मी मदतीला आले म्हटल्यावर त्यांनी तो नवा उचलला, डाव्या हातानं उजवं मनगट धरून मेनूत गेले आणि एकेक बटण दाबू लागले. चार बटणांना किती वेळ लागला! मला मधे हात घालावासा वाटला, पण मी घातला नाही. "पन्नासवर लावून दिलाय," त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "कशालाबी हात लावू नका. लाल बटण दाबायचं, श्वास धरायचा."

बौद्ध पद्धतीचं लग्न. वधू-वर पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या, वंदना, पंचशील. अक्षता नाहीत, भंते गाथा म्हणतात आणि प्रत्येक गाथा संपली की सगळे फुलांच्या पाकळ्या टाकतात. माणिकभाऊ मला मागं एकदा म्हणाले होते, अक्षता पडतात, पाकळ्या उतरतात, त्या धरायला जास्त सोप्या. ते स्टेजच्या उजव्या अंगाला उभे राहिले. वहिनी, म्हणजे करुणाची आई, पोरीमागं उभ्या, त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी. मी समोरच्या बाजूला बायकांच्या गर्दीत. शेवटच्या गाथेला मी लाल बटण दाबलं, कॅमेरा स्टेजकडं न धरता माणिकभाऊंकडं धरला, आणि सवयीनं, मला ज्याची सवय होती तसंच, तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "पोरीचा बाप, आहिस्ता." आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडं चमकून बघितलं. उन्हाच्या तिरिपीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. मी श्वास धरून, कॅमेरा हलू नये म्हणून हातांकडंच बघत उभी राहिले.

दोन दिवसांनी लातूरला मी त्यांचं कार्ड लावलं. ती क्लिप आली. आधी आवाज, "ताई, करुणा, आहिस्ता." मग करुणा, मान खाली, पांढऱ्या पदरावर लाल-पिवळ्या पाकळ्या. चित्र थरथरत होतं, आणि मधे एकदा तर पोरीवरून घसरून थेट सतरंजीवर गेलं, पुन्हा वर आलं. मी क्लिप स्लो करायला गेले आणि थांबले. ती पंचवीसची होती. माझा कॅमेरा लावून देताना जी चार बटणं दाबली, ती त्यांनी मनातल्या मनात आपल्याही कॅमेऱ्यावर दाबली असणार. शब्द उच्चारला होता, कॅमेरा मात्र साध्यावरच राहिला होता.

फोन करायला मला संध्याकाळ झाली. सांगितलं. ते म्हणाले, "तोंडानं म्हणलो, बोटानं न्हाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, भाऊ, एकदाच, फक्त एवढ्यासाठी, त्या सॉफ्टवेअरमधून काढू का? कुणाला कळणार नाही. ते म्हणाले, मला कळंल. मग मलाच समजावत असल्यासारखं, "राहू द्या जशी हाय तशी. तेवढाच येळ व्हती ती."

फिल्ममध्ये मी माझ्या क्लिपच्या सुरुवातीचे चार सेकंद घातले होते, कॅमेऱ्याला डोळा लावलेले माणिकभाऊ एका बाजूनं दिसतात ते. पुढचं मी तेव्हा बघितलंही नाही, मन त्यांच्या हुकलेल्या क्लिपेतच अडकलं होतं. त्यांनी फिल्म बघून तेवढे चार सेकंद काढायला लावले. शूटिंगवाला दिसला की बघणाऱ्याला कॅमेरा आठवतो, म्हणाले. मी काढले, आणि करुणाला कळवलं की तुझी वस्तू माझ्याजवळ जपून ठेवलीय. त्यानंतर माणिकभाऊंनी कॅमेरा लुगड्याच्या तुकड्यात बांधला तो बांधलाच. चुन्याची डबी यायची बंद झाली. गेल्या उन्हाळ्यात ते सकाळी अंगणात बसल्या जागी गेले. हृदयविकार. हाताचा काही संबंध नाही, असं करुणानं मला फोनवर नर्सच्या आवाजात सांगितलं, आणि मग तो आवाज तिला टिकवता आला नाही.

पंधरा दिवसांनी ती आणि वहिनी लातूरला आल्या. करुणा नेमकी त्या भोकरच्या मुलीच्या खुर्चीवर बसली. तिला हे ठाऊक नव्हतं. मी क्लिप शोधत होते तोवर तिनं विचारलं, "आत्या, थोडं सावकाश करता येईल ना?" मी म्हटलं, करावं लागत नाही बाळा. तुझ्या बाबांनी अगोदरच करून ठेवलंय.

लावलं. मीही पूर्ण पहिल्यांदाच बघत होते. आवाज मुद्दाम काढला नाही. आधी माझाच आवाज आला, जाड, ताणलेला, देगलूरच्या त्या म्हाताऱ्यासारखा: पोऽऽरीऽऽचा बाऽऽप, आऽऽहिऽऽस्ताऽऽ. वहिनींना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. पडद्यावर माणिकभाऊ उभे होते, डोळा कॅमेऱ्याला. हवेत पाकळ्या होत्या. त्यांचा उजवा हात हलत होता, पण थरथरत नव्हता; सावकाश, झोका द्यावा तसा हलत होता. मग माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला. त्यांचा कॅमेरा खाली कलला, आणि त्यांच्या क्लिपेत चित्र सतरंजीवर का घसरलं होतं ते मला तेव्हा कळलं. हाताचा दोष नव्हता, मी हाक मारली होती. ते मान वळवत आले, वळवत आले, आणि सरळ आमच्याकडं बघू लागले. एक पाकळी त्यांच्या खांद्यावर उतरली. ओठ उघडले, गोल झाले, मिटले. मांडवातल्या गलक्यात त्यांचा आवाज आलेला नव्हता. मग ते पुन्हा वळले, डोळा कॅमेऱ्याला लावला.

करुणानं मला थांबवायला लावलं आणि मागं घ्यायला सांगितलं. ओठ पुन्हा उघडले, गोल झाले, मिटले. "काय म्हणाले बाबा?"

मला कळलं होतं. अंधाऱ्या खोलीत इतकी वर्षं मी ज्याला उत्तर देत होते, त्या माणसाला ते कधी सांगितलं नव्हतं. वहिनी पडद्याजवळ सरकल्या, नवऱ्याच्या ओठांकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हाव म्हणलेत."